शंकररावांचे मत

बेलभंडारा उचलून, म्हणजे देवाची शपथ घेऊन, दिलेला शब्द इतिवृत्तात लिहिता येत नाही. महसूल खात्यात मंडल अधिकारी म्हणून काढलेल्या वर्षांत सरपंच निवडीच्या कितीतरी सभांना मी अध्यासी अधिकारी म्हणून बसलो, आणि ज्या सभांचे कागद सर्वांत नीटनेटके होते त्याच गावांतून पुढे सर्वाधिक तक्रारी आल्या, कारण खरा करार आदल्या रात्री देवळात झालेला असे आणि सकाळी माझ्या टेबलावर फक्त त्याची अंमलबजावणी येत असे. त्या काळी सरपंच निवडून आलेल्या सदस्यांतूनच निवडला जाई. २०१७ मध्ये थेट जनतेतून निवड सुरू झाली, २०२० मध्ये ती बंद झाली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली; पाच वर्षांत तीनदा नियम बदलला आणि प्रत्येक बदल मुंबईत कोणाचे सरकार आहे यावर ठरला.

मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावाची हकिकत मी विसरू शकलेलो नाही. नऊ सदस्यांपैकी पाच एका पॅनेलचे होते आणि त्या पाचांत सरपंचपदाचे दोन दावेदार होते. बिरोबाच्या देवळात दोघांनी भंडारा उचलला की पहिली अडीच वर्षे एकाने करायची आणि उरलेली अडीच दुसऱ्याने. एवढ्यावर कोणाचे समाधान झाले नाही म्हणून पहिल्याकडून तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर सही घेऊन तो कागद पॅनेलच्या प्रमुखाने आपल्या घरच्या लोखंडी पेटीत ठेवला. अडीच वर्षे सरली तेव्हा पहिल्या गृहस्थांनी पंचायत समितीच्या सभापतींना पत्र दिले की माझ्या नावाचा कोणताही राजीनामा आपल्याकडे आला तर तो माझ्या इच्छेने दिलेला समजू नये. सरपंचाचा राजीनामा सभापतींकडेच द्यावा लागतो, त्यामुळे पेटीतला कागद त्या दिवशी रद्दी झाला. मग अविश्वास ठराव आला. नवांपैकी सहा मते लागत होती आणि पाचच मिळाली. ठराव फेटाळला गेला, पण त्यानंतर त्या गावात मासिक सभेचा कोरम भरेनासा झाला.

ते २००३ साल होते. सोलापूर जिल्ह्यात त्या वर्षी दुष्काळाने माणसांचे आणि जनावरांचे काय हाल केले ते पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. टँकरच्या मागणीचा ठराव ग्रामपंचायतीने करायचा, तो तालुक्याला यायचा, मग आमची आणि पंचायत समितीची संयुक्त पाहणी व्हायची, असा क्रम होता. त्या गावाचा ठराव येईना. एका गटाने बोलावलेल्या सभेला दुसरा गट येत नव्हता आणि टँकर आधी कोणत्या वस्तीवर रिकामा करायचा यावर दोन्ही गटांनी वेगवेगळ्या याद्या पाठवल्या होत्या. शेवटी तहसीलदारांनी स्वतःच्या अधिकारात पाहणी लावली. मी गेलो तेव्हा आडावर तीस-चाळीस घागरी ओळीने लावलेल्या होत्या आणि प्रत्येक घागरीत ओळख म्हणून एकेक दगड टाकलेला होता. बायका घरी गेल्या होत्या. रांगेत घागरी उभ्या होत्या. त्या आडात पाणी झिरपायला रात्र लागत असे.

माझे उभे आयुष्य वाटण्या पाहण्यात गेले. सातबाऱ्यावर भावाभावांची आणेवारी, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा, लागते, मोजणी होते, हद्दीचे दगड रोवले जातात आणि मधे बांध पडतो. खुर्चीची आणेवारी लागत नाही. अडीच वर्षे तुझी आणि अडीच वर्षे माझी असे ज्या क्षणी ठरते त्या क्षणापासून पहिला माणूस आपली मुदत शेवटची आहे असे समजून वागतो आणि दुसरा तिची अखेर मोजत बसतो. दोघांपैकी कोणीही ती खुर्ची गावाची आहे असे मानत नाही. याला आपण सत्तेत वाटा देणे म्हणतो, पण वाटा देणे म्हणजे एकाच वेळी दोघांनी जबाबदारी उचलणे, आणि पाळी लावणे म्हणजे एकाने उचलून दुसऱ्याने वाट पाहणे. हा फरक मला त्या आडावर जितका स्पष्ट कळला तितका कोणत्याही प्रशिक्षणात कळला नव्हता.

मोठ्या सभागृहांत याहून वेगळे काही घडत नाही. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या कर्नाटकात फेब्रुवारी २००६ मध्ये जनता दलाचे (सेक्युलर) कुमारस्वामी मुख्यमंत्री आणि भाजपचे येडियुरप्पा उपमुख्यमंत्री झाले तेव्हा वीस-वीस महिन्यांचा करार होता. ऑक्टोबर २००७ मध्ये खुर्ची सोडण्याची वेळ आली तेव्हा ती सोडली गेली नाही, सरकार पडले, नोव्हेंबरमध्ये पुन्हा समझोता होऊन येडियुरप्पा मुख्यमंत्री झाले आणि आठवडाभरात पाठिंबा न मिळाल्याने पायउतार झाले. त्याआधी दहा वर्षे उत्तर प्रदेशात बहुजन समाज पक्ष आणि भारतीय जनता पक्ष यांनी सहा-सहा महिन्यांची पाळी लावून पाहिली होती आणि तीही पहिल्या बदलानंतर महिनाभरात मोडली. महाराष्ट्रात २०१९ च्या निवडणुकीनंतर अडीच-अडीच वर्षांचा शब्द दिला होता की नव्हता यावरच दोन मित्रपक्षांचे भांडण झाले, राष्ट्रपती राजवट लागली, आणि तो शब्द ज्या खोलीत दिला गेला किंवा गेला नाही तिथे इतिवृत्त लिहिणारा कोणी नव्हता.

पण मुख्यमंत्रिपद हे शेवटी एका पक्षाचे किंवा आघाडीचे असते. ते कोणी कसे मिळवले यावर मी फार जीव जाळत नाही. माझा जीव तुटतो तो विधिमंडळाच्या अध्यक्षपदासाठी, कारण ती एकच जागा अशी आहे की तिथे बसणारा माणूस एका बाजूच्या मतांनी येतो आणि बसताक्षणी दोन्ही बाजूंचा व्हावा अशी अपेक्षा असते. या अपेक्षेला घटनेत कलम नाही. ती केवळ वागण्यातून उभी राहते किंवा पडते, आणि ती कशी उभी राहिली याचा एक धागा थेट सोलापुरात येतो, जो आपल्या शहरात फारच थोड्यांना ठाऊक आहे.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सोलापूर हा द्विसदस्यीय मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव, मतदाराला दोन मते, आणि एकाच मतदारसंघातून दोन खासदार. काँग्रेसची लाट असलेल्या त्या वर्षी सोलापूरने दोन्ही खासदार विरोधी पक्षांचे निवडून दिले, तेही दोन वेगवेगळ्या पक्षांचे: शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव शांताराम मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज. मार्शल लॉ सोसलेल्या आणि चार हुतात्म्यांचे नाव रोज चौकात घेणाऱ्या गिरणगावाने तेव्हा असा कौल दिला याचे मला आश्चर्य वाटत नाही, अभिमान वाटतो.

१५ मे १९५२ रोजी लोकसभेच्या पहिल्या अध्यक्षाची निवड झाली. काँग्रेसचे उमेदवार गणेश वासुदेव मावळणकर होते. दादासाहेब मावळणकर मूळचे रत्नागिरीकडच्या घराण्यातले, जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादची, आणि अनुभव असा की १९३७ पासून ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात ते अध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा ६६ विरुद्ध ६३ अशा अवघ्या तीन मतांनी निवडून आले होते. १९५२ मध्ये त्यांच्या विजयाबद्दल कोणालाच शंका नव्हती. तरीही विरोधकांनी उमेदवार दिला, आणि तो उमेदवार म्हणजे सोलापूरचे खासदार शंकरराव मोरे.

अध्यक्षाच्या निवडणुकीत प्रस्ताव एकामागून एक मतास टाकले जातात आणि पहिला मंजूर झाला की पुढचे टाकलेच जात नाहीत. म्हणून मोरे यांच्या नावावर त्या दिवशी मतदान झालेच नाही. मावळणकरांच्या प्रस्तावाच्या बाजूने ३९४ आणि विरुद्ध ५५ मते पडली. त्या ३९४ मतांत एक मत शंकरराव मोरे यांचे होते. एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या उमेदवारांनी एकमेकांना मत द्यावे या संसदीय प्रथेला धरून त्यांनी स्वतःच्या विरोधातल्या माणसाला मत दिले.

ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा मी बराच वेळ खिडकीपाशी बसून राहिलो. आमच्या खात्यात शिष्टाचाराच्या नावाखाली पुष्कळ पोकळ गोष्टी चालत, त्यामुळे शिष्टाचार म्हटले की मी सावध होतो. पण हा तसा शिष्टाचार नव्हता. मोरे हे केशवराव जेध्यांबरोबर शेतकरी कामगार पक्ष उभारणारे, काँग्रेस सोडून बाहेर पडलेले, लढाऊ गृहस्थ होते. सरकार पक्षाने नाव ठरवून टाकावे आणि विरोधकांनी मान डोलवावी हे त्यांना मान्य नव्हते, म्हणूनच ते उभे राहिले. उभे राहून त्यांनी आपला विरोध नोंदवला आणि मत देऊन खुर्चीला मान्यता दिली. उद्या मावळणकरांनी विरोधकांचा एखादा प्रस्ताव फेटाळला तर आपण त्यांच्याशी भांडू, पण तुम्ही आमचे अध्यक्ष नाही असे म्हणण्याचा मार्ग त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला. हरणाऱ्याने दिलेल्या मताचे मोल जिंकणाऱ्याच्या ३९३ मतांपेक्षा मला जास्त वाटते.

आणि भांडण झालेही. डिसेंबर १९५४ मध्ये याच मावळणकरांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव लोकसभेत आला. घटनेचे ९६ वे कलम सांगते की असा प्रस्ताव विचाराधीन असताना अध्यक्षाला सभागृहात हजर राहता येते, बोलता येते, परंतु त्याने अध्यक्षस्थानी बसू नये. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी कामकाज चालवले, चर्चा झाली, प्रस्ताव फेटाळला गेला. इथे उपाध्यक्षपद कशासाठी असते ते दिसते. ते केवळ अध्यक्ष जेवायला गेल्यावर बसण्याची जागा नाही. अध्यक्षाबद्दलच शंका निर्माण झाली तर सभागृहाने ज्याच्याकडे पाहावे असा दुसरा माणूस घटनाकारांनी त्यात योजला आहे. पुढे १९९० च्या दशकात लोकसभेचे उपाध्यक्षपद सत्ताधारी पक्षाबाहेर देण्याची प्रथा रुळली ती याच समजुतीतून. काँग्रेसचे पी. एम. सईद वाजपेयींच्या काळात उपाध्यक्ष होते आणि अकाली दलाचे चरणजितसिंग अटवाल व भाजपचे करिया मुंडा मनमोहन सिंग यांच्या काळात. खरा वाटा तो हाच: पाळी नाही, मुदत मोडण्याचा प्रश्न नाही, दोघे एकाच वेळी दोन खुर्च्यांवर.

घटनेच्या ९३ व्या कलमात अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघांची निवड शक्य तितक्या लवकर करावी असे आहे, पण दिवस सांगितलेला नाही. १७ व्या लोकसभेची २०१९ ते २०२४ ही पाचही वर्षे उपाध्यक्षाविना गेली. जून २०२४ मध्ये विरोधकांनी म्हटले की उपाध्यक्षपद आम्हाला द्या, अध्यक्षपदासाठी आम्ही तुमच्या नावाला पाठिंबा देतो. समझोता झाला नाही, म्हणून विरोधकांकडून के. सुरेश यांचा अर्ज आला आणि सत्ताधारी बाजूचे ओम बिर्ला आवाजी मतदानाने निवडून आले. विरोधकांनी मतविभागणीचा आग्रह धरला नाही, आणि पंतप्रधान व विरोधी पक्षनेते दोघेही बिर्ला यांना खुर्चीपर्यंत घेऊन गेले. दूरदर्शनवर ते दृश्य पाहताना मला शंकररावांच्या मताची सावली तिथे दिसली. पण उपाध्यक्षाची जागा त्यानंतरही रिकामीच राहिली, आणि त्या रिकाम्या जागेमुळे त्या चार पावलांचा अर्थ अर्धाच उरला.

अध्यक्षपदासाठी एवढी ओढाताण का वाढली याचे कारण मला १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीत दिसते. पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले आणि आमदार अपात्र आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार अध्यक्षाला मिळाला. सभा चालवणारा माणूस त्या दिवसापासून न्यायाधीशही झाला, आणि सरकार टिकणार की पडणार हे ज्याच्या निकालावर ठरते असा न्यायाधीश आपल्या बाजूचा असावा असे प्रत्येक पक्षाला वाटू लागले. हेतू आयाराम-गयाराम थांबवण्याचा होता आणि तो चांगलाच होता, पण त्याचे सारे ओझे एका खुर्चीवर टाकले गेले जिच्या निःपक्षपातीपणाला फक्त प्रथेचा टेकू होता.

हे ओझे महाराष्ट्रात कसे पेलवले नाही ते आपण सर्वांनी पाहिले. नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी विधानसभेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि ३ जुलै २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सतरा महिने, ती जागा रिकामी राहिली. आधी निवडणूक गुप्त मतदानाने होत असे. तीन पक्षांच्या सरकारला आपली मते फुटण्याची भीती होती, म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून ती खुल्या पद्धतीने घेण्याचे ठरले. राज्यपालांनी या बदलावर आक्षेप घेतला आणि निवडणुकीची तारीख मिळाली नाही. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम पाहत राहिले. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली तेव्हा आमदारांच्या अपात्रतेचे अर्ज त्यांच्याकडे गेले आणि त्याच वेळी त्यांनाच हटवण्याची नोटीसही आली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या नबाम रेबिया निकालाप्रमाणे स्वतःवर अशी नोटीस प्रलंबित असलेल्या अध्यक्षाने अपात्रतेचा निर्णय करायचा नसतो. म्हणजे मूळ खुर्ची रिकामी, बदली बसलेल्याचे हात बांधलेले, आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात. सरकार बदलले, राज्यपालांनी तारीख दिली, आणि त्याच खुल्या पद्धतीने शिरगणती होऊन राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले. ज्यांनी नियम बदलला ते त्या नियमाने हरले. दोन्ही बाजूंनी या काळात जे केले त्याला कायद्यात काही ना काही आधार होता, आणि म्हणूनच मला त्याचे दुःख अधिक होते. बेकायदा वागणाऱ्याला निदान पकडता तरी येते.

सोलापूर महापालिकेची इंद्रभुवन इमारतही रिकाम्या खुर्चीला अपवाद राहिली नाही. २०१७ मध्ये महापालिकेच्या १०२ जागांपैकी भाजपला ४९ मिळाल्या, बहुमताला तीन कमी, पण विरोधक सहा पक्षांत विभागलेले असल्याने महापौरपद ठरायला अडचण आली नाही. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ महापौरच नव्हता, प्रशासक होता. आरक्षण आणि प्रभागरचना ही कारणे सर्वांना माहीत आहेत.

माझा पुतण्या अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. २०२५ च्या जानेवारीत त्याने फोनवर सांगितले की तिथल्या विधानसभेतही हेच चालले आहे. १३४ जागांत निवडणुकीने दोन्ही पक्षांना ६७-६७ दिल्या होत्या. त्यातली एक जागा उमेदवाराच्या रहिवासाच्या वादात रिकामी झाली, तेव्हा एका पक्षाने आपणच बहुमतात आहोत म्हणून अध्यक्ष निवडला आणि दुसऱ्या पक्षाने सभागृहात जाणेच थांबवले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कोरम ६८ चाच असल्याचे सांगितले. मग फेब्रुवारीत समझोता झाला: अध्यक्षपद दोन वर्षे रिपब्लिकन पक्षाच्या लिसा डिमथ यांच्याकडे, आणि बरोबरी झाली की समित्यांवर दोन्ही पक्षांचा एकेक सहअध्यक्ष. मी त्याला विचारले की अध्यक्षपद एकेक वर्ष का वाटून घेतले नाही. त्याला सांगता आले नाही, पण मला मंगळवेढ्याची लोखंडी पेटी आठवली.

आणि दुसरे एक गाव आठवले, सीनेच्या काठचे, २००२ मधले. तिथेही नऊ सदस्य होते, पण निकालानंतर पहिल्या सभेआधीच एक सदस्य वारले आणि दोन पॅनेल चार-चारवर आले. सदस्यांनी गुप्त मतदान मागितले. चार-चारच पडली. मग चिठ्ठी काढणे आले. मी दोन सारख्या कागदांवर नावे लिहिली, सारख्या घड्या घातल्या, सर्वांना दाखवल्या आणि शिपायाने पुसून कोरड्या केलेल्या स्टीलच्या तांब्यात टाकल्या. शेजारच्या शाळेतून तिसरीतली एक मुलगी बोलावली. तिच्या बोटांना खडूची भुकटी होती. तिने तांब्यात हात घातला आणि माझ्याकडे न बघता दारात उभ्या असलेल्या आपल्या बाईंकडे बघत राहिली. चिठ्ठी निघाली ती अण्णांच्या नावाची. अण्णा साठीचे शेतकरी. हरलेले मास्तर, गावातल्याच शाळेतून निवृत्त झालेले. बाहेर गुलाल उधळला गेला, आणि मला वाटले की आता मास्तरांचे चौघे उठून जाणार.

उपसरपंचपदासाठी दोन अर्ज होते, एक अण्णांच्या पॅनेलमधल्या बापूंचा आणि एक मास्तरांचा. मतदानाला सुरुवात करण्याआधी अण्णा म्हणाले, “बापू, तुमचा अर्ज माघारी घ्या.”

बापू जागचे हलले नाहीत. खोलीत पंखा नव्हता आणि सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते. मग ते माझ्या टेबलापाशी आले आणि माघारीच्या अर्जावर सही केली, इतकी जोरात की पेनचे टोक कागदातून आरपार गेले. मास्तर बिनविरोध उपसरपंच झाले. चहाच्या वेळी मी अण्णांना कारण विचारले. ते म्हणाले, “साहेब, चिठ्ठीनं मला निम्मंच गाव दिलंय. उरलेलं निम्मं मास्तरांकडंच हाय की. त्यास्नी बाहेर ठिवून मी सभा कुणाची घेऊ?”

बापूंनी त्यानंतर वर्षभर अण्णांशी बोलणे टाकले होते, हे मला तलाठ्याकडून कळत असे. पुढच्या उन्हाळ्यात त्या गावचा टँकरचा ठराव तालुक्यात सर्वांत आधी आलेल्या ठरावांत होता. खाली सरपंच आणि उपसरपंच दोघांच्या सह्या होत्या आणि वस्त्यांची यादी मास्तरांच्या वळणदार अक्षरात होती. पाहणीला गेलो तेव्हा मी पहिल्या खेपेबरोबर चालत गेलो. यादीत पहिले नाव बापूंच्या वस्तीचे होते.